पन्हळ बिघडते कधी?

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की कोकणातल्या घराघरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "गेल्या वर्षी तर पन्हळ चांगली होती, मग आता पाणी भिंतीवरून का उतरतंय?" विचारणाऱ्याचं म्हणणं खरंच असतं. हस्ताची शेवटची सर पडून गेली तेव्हा पाणी नीट पाइपातून खाली जात होतं. त्यानंतर आठ महिने पन्हळीला कुणी हातही लावलेला नाही.

बिघडली ती याच आठ महिन्यांत. थंडी, ऊन, पानगळ, पक्षी, वानरं आणि वळवाचा वारा यांनी ती हळूहळू भरत, वाकत आणि तडकत गेली. पावसाने फक्त ते उघडकीला आणलं. पन्हळ उन्हाळ्यात बिघडते आणि पावसाळ्यात कळते, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर तिची निगा राखणं फार अवघड नाही. या प्रकरणात ती निगा पायरीपायरीने समजून घेऊ.

१. पन्हळ नसेल तर काय होतं?

ज्या घराला पन्हळ नाही त्याचं अंगण पावसाळ्यात एकदा नीट बघा. कौलांवरून उतरणाऱ्या पागोळ्या रोज त्याच जागी पडतात आणि जमिनीत एका ओळीत वाटीएवढे खळगे होतात. तिथून उडालेले लाल मातीचे शिंतोडे भिंतीच्या खालच्या हात-दीड हातावर बसतात. भिंतीचा तेवढा भाग चार महिने ओला राहतो. आधी चुना किंवा रंग सुटतो, मग गिलावा फुगतो, आणि शेवटी ओल आतल्या खोलीत येते.

जुन्या घरांनी यावर आपला उपाय काढला होता. वळचण लांब ठेवायची, जोतं उंच बांधायचं आणि पागोळ्या पडतात तिथे दगड बसवून चर काढायचा. आताच्या घरांची वळचण आखूड असते, शेजारचं कुंपण जवळ असतं आणि जोतंही तेवढं उंच नसतं. म्हणून छपराचं पाणी कडेलाच धरून एका ठरलेल्या जागी उतरवावं लागतं. पन्हळीचं काम हेच.

"वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही" असं आपण म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण तुंबलेल्या पन्हळीतलं पाणी वाशांच्या टोकापर्यंत मात्र नक्की जातं. पन्हळीला दोन काठ असतात, एक अंगणाकडचा आणि एक घराकडचा. पन्हळ भरली की पाणी जो काठ खाली असेल त्यावरून सांडतं. घराकडचा काठ खाली असेल तर ते वाशांवर, रिपांवर आणि भिंतीच्या माथ्यावर पडतं. म्हणून पन्हळ बसवताना अंगणाकडचा काठ बोटभर खाली ठेवून घ्यावा. उद्या ती तुंबलीच तर पाणी अंगणात पडेल, घरात येणार नाही.

२. छपरावर पाणी पडतं तरी किती?

इथे थोडं गणित करू. ते सोपं आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी जमतं. बातम्यांत पावसाचा आकडा ऐकला की या एका सूत्राने आपल्या छपरावरचं पाणी काढता येतं.

समजा, घर १० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंना उतार असल्यामुळे एकेका पन्हळीच्या वाट्याला ४० चौरस मीटर छप्पर येतं. आषाढातली एखादी जोराची सर तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने कोसळते. ती पाव तास टिकली तरी २५ मिलिमीटर पाऊस झाला. ४० गुणिले २५ म्हणजे १,००० लिटर. पाव तासात एका पन्हळीतून हजार लिटर पाणी जायला हवं. आंघोळीची १५ लिटरची बादली दर १३-१४ सेकंदांनी कुणीतरी छपरावर ओततं आहे, असं समजा.

चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की हवामान खातं त्याला मुसळधार म्हणतं, आणि ११५.५ मिलिमीटरच्या पुढे तो अतिमुसळधार होतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. अशा दिवसासाठी कुणी पन्हळ बांधत नाही. पण दरवर्षी येणाऱ्या जोराच्या सरीसाठी मात्र ती तयार असायलाच हवी.

यासाठी एक ठोकताळा उपयोगी पडतो. तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला तर चार इंची उभा पाइप साधारण ८० चौरस मीटर छपराचं पाणी उतरवू शकतो. आपल्या उदाहरणात एका बाजूचं छप्पर ४० चौरस मीटरच आहे. म्हणजे पाइप गरजेच्या दुप्पट मोठा आहे. मग पन्हळ का तुंबते? कारण हा हिशेब पाइपाचं तोंड पूर्ण उघडं असेल तेव्हाचा आहे. देशी बदामाचं एक रुंद पान तोंडावर आडवं बसलं, त्यामागे चार काटक्या अडकल्या, की दुप्पट पाइप निम्म्याचाही राहत नाही. पाइप मोठा घेऊन आपण जी सवलत मिळवलेली असते, ती कचरा खाऊन टाकतो.

३. उतार आणि पोटाची झोळ

पाणी आपोआप वाहतं ते उताराने. पन्हळीला दर दहा फुटांमागे निदान अर्धा इंच उतार हवा. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अंदाजावर सोडू नये. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्यावी. तिची दोन टोकं पन्हळीच्या दोन टोकांना धरली की दोन्हीकडच्या पाण्याच्या रेषेवरून नेमका उतार मोजता येतो.

उतार बरोबर असूनही पाणी साचत असेल, तर पन्हळीचं पोट खाली आलेलं असतं. दोन क्लॅम्पांमधलं अंतर जास्त असलं की मधला भाग झोळीसारखा लोंबतो. हे का होतं ते वजनावरून कळेल. १५ सेंटिमीटर रुंद, १२ सेंटिमीटर खोल आणि १० मीटर लांब पन्हळ काठोकाठ भरली तर तीत १८० लिटर पाणी मावतं. १८० लिटर म्हणजे १८० किलो. तीन धडधाकट माणसं पन्हळीवर रांगेत बसली आहेत असं समजा. त्यात ओला गाळ असेल तर भार आणखी वाढतो. वाहती पन्हळ कधीच एवढी भरत नाही, पण तुंबलेली भरते. म्हणून क्लॅम्प दोन-अडीच फुटांवर असावेत आणि ते वाशाच्या टोकाला किंवा भक्कम फळीला घट्ट बसवलेले असावेत. पोकळ झालेल्या लाकडात स्क्रू बसतो, पण धरत नाही.

पोटाच्या झोळीत साचलेल्या पाण्याचा आणखी एक धोका आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच थोड्या, स्वच्छ, साचलेल्या पाण्याच्या काठाला अंडी चिकटवतो. पाणी आठवडा-दहा दिवस टिकलं की त्यातून डास बाहेर पडतात. ही अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा ओली झाली की फुटतात. त्यामुळे पन्हळीतलं पाणी नुसतं ओतून देऊ नये. आतला काठ खराट्याने घासावा.

४. उन्हाचा मार

आता त्या आठ महिन्यांकडे वळू. पन्हळीवर पहिला घाव उन्हाचा बसतो.

तापली की वस्तू लांबते, हे आपण शाळेत शिकलो. पीव्हीसी मात्र पत्र्याच्या मानाने फारच जास्त लांबतं. एक मीटर पीव्हीसी दहा अंशांनी तापलं की सुमारे ०.६ मिलिमीटर वाढतं. पहाटेचा गारवा आणि दुपारच्या उन्हात तापलेली पन्हळ यांत ३० अंशांचा फरक सहज पडतो. सहा मीटरची पन्हळ असेल तर हिशेब असा होतो: ०.६ गुणिले ३ गुणिले ६, म्हणजे जवळजवळ ११ मिलिमीटर. करंगळीच्या रुंदीएवढी ती रोज लांबते आणि रोज आखडते. तेवढाच जीआय पत्रा दोन मिलिमीटरच्या आसपास आणि अॅल्युमिनियम चारच्या आसपास वाढतं.

ही ये-जा कुठे जाते? सांध्यावर. पन्हळ दोन्ही टोकांना घट्ट जखडलेली असेल तर ती एक तर मध्ये वाकते किंवा सांधा उघडते. सप्टेंबरात न गळणारा सांधा जूनमध्ये गळायला लागतो तो यामुळे. म्हणून पीव्हीसीच्या पन्हळीला क्लॅम्पमध्ये सरकायला जागा ठेवावी. सांध्याला रबरी पट्टी असलेला जोड वापरावा. तो सिमेंट किंवा एम-सीलने कायमचा थापून टाकू नये. शिवाय वर्षानुवर्षांच्या उन्हाने पीव्हीसी पिठूळ आणि ठिसूळ होतं. नखाने घासल्यावर पांढरी भुकटी हाताला लागली तर त्या पन्हळीचं आयुष्य सरत आलं असं समजावं.

पत्र्याची कहाणी वेगळी आहे. जीआय पत्र्यावर जस्ताचा थर असतो, आणि लोखंडाऐवजी तो स्वतः झिजतो. थर संपला की लोखंड उघडं पडतं आणि गंज धरतो. समुद्राची खारी हवा हा थर लवकर संपवते. ओला पालापाचोळा तळाशी महिनोनमहिने पडून राहिला तरी तेच होतं. वरून सिमेंटचं पाणी किंवा गिलाव्याचा गोळा पडला तर तोही जस्ताला आणि अॅल्युमिनियमला खातो, म्हणून घराचं गिलाव्याचं काम चालू असताना पन्हळ झाकून ठेवावी. आणखी एक बारकावा: अॅल्युमिनियमच्या पन्हळीला साधा लोखंडी स्क्रू मारू नये. दोन वेगळे धातू ओले होऊन एकमेकांना लागले की त्यांतला एक लवकर झिजतो. किनाऱ्यावर तर हे फार लवकर घडतं.

५. मूठभर गाळात काय असतं?

मे महिन्यात पन्हळीच्या तोंडापाशी हात घालून मूठभर गाळ वर काढला, की वर्षाचा इतिहास हातात येतो. अगदी तळाशी कौलांची लाल कोंडी आणि धूळ बसलेली असते, ओल्या रांगोळीसारखी. त्यावर आंब्याच्या मोहोराचा तपकिरी भुगा. मोहोर माघ-फाल्गुनात गळतो आणि बोटांत घेतला तर तंबाखूसारखा चुरतो. त्यावर पातेरा, म्हणजे सुकलेली पानं. मधूनमधून काटक्या, चिमणीच्या घरट्याचं गवत, नारळाच्या झावळीचा हीर, कधी काटेसावरीचा कापूस. हे सगळं कोरडं असतं तोवर निरुपद्रवी दिसतं. पहिल्या सरीने त्याचा लगदा होतो, तो पाइपाच्या वळणात जाऊन बसतो आणि दट्ट्यासारखं काम करतो.

कधी त्यात एक हिरवं, हृदयाच्या आकाराचं पान डोकावतं. पक्ष्यांनी आणून टाकलेल्या बीतून उगवलेलं ते पिंपळाचं रोप असतं. चार पानांचं असतानाच ते मुळासकट उपटावं. एकदा मूळ सांध्यात किंवा भिंतीच्या फटीत शिरलं की वरचं रोप कितीही तोडलं तरी ते पुन्हा फुटतं.

कुठलं झाड छपरावर वाकलं आहे, त्यावरून पन्हळीत काय भरणार हे ठरतं. आंबा, फणस आणि बदाम यांची मोठी पानं तोंड झाकतात. गुलमोहराची पर्णिका नखाएवढी असते. ती तोंड झाकत नाही, पण तळाशी थर धरते. सुरूच्या कांड्या सुईसारख्या असतात आणि कुठल्याही जाळीतून आत जातात. नारळाची झावळी मात्र पन्हळीत भरत नाही. ती पन्हळ मोडूनच खाली येते.

६. जाळी बसवावी का?

हा प्रश्न सगळेच विचारतात. जाळ्या दोन तऱ्हांच्या असतात. एक पन्हळीवर पूर्ण लांबीभर झाकणासारखी बसते. दुसरी फक्त पाइपाच्या तोंडात बसते आणि फुग्यासारखी वर आलेली असते.

मोठ्या पानांची झाडं असतील तर पूर्ण जाळीचा फायदा होतो. पानं वर राहतात, सुकतात आणि वाऱ्याने उडून जातात. मात्र जाळी छपराच्या उताराप्रमाणे थोडी बाहेरच्या बाजूला कललेली हवी. सपाट बसवली तर पानं तिच्यावरच साचतात, आणि जोराच्या सरीत पाणी जाळीवरून उडी मारून अंगणात जातं. गुलमोहर किंवा सुरू असेल तर पूर्ण जाळीवर पैसे घालवू नयेत. बारीक कचरा आत जाणारच, आणि वर जाळी असल्यामुळे तो काढणं अवघड होईल.

तोंडातली फुगीर जाळी मात्र प्रत्येक घराने बसवावी. सपाट जाळी एका पानाने बंद होते. फुगीर जाळीला सगळ्या बाजूंनी भोकं असतात, त्यामुळे निम्मी झाकली तरी उरलेल्या भोकांतून पाणी जातं. ती दोन-तीनशे रुपयांच्या आत मिळते आणि हाताने काढून धुता येते.

एक मात्र ध्यानात असू द्या: जाळीमुळे सफाई कमी करावी लागते, पण ती पूर्ण टळत नाही. जाळी बसवली म्हणून दोन वर्षं वर न बघणाऱ्याची पन्हळ उघड्या पन्हळीहून वाईट स्थितीत सापडते.

शहरातल्या गच्चीलाही हेच लागू पडतं. तिथे पन्हळ नसते, पण पाणी उतरायचं तोंड असतंच. प्लास्टिकची पिशवी, पतंगाचा मांजा आणि कुंडीतून वाहून आलेली माती हे त्याचे तीन शत्रू. कुंड्या तोंडापासून निदान हातभर लांब ठेवाव्यात.

७. वारा आणि गारा

२०२० साली ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता. पुढच्याच वर्षी मेच्या मध्यात तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याजवळून गेलं. ही दोन्ही वादळं मोसमी पाऊस महाराष्ट्रात पोहोचण्याआधीच येऊन गेली. "पाऊस जूनमध्ये येतो, मेच्या शेवटी बघू" असं म्हणणाऱ्यांना वादळाने वेळच दिला नाही. पन्हळीचं काम मेच्या पहिल्या पंधरवड्यात संपवावं, असं मी आग्रहाने सांगतो, त्याचं कारण हेच.

वारा पन्हळीला खालून उचलतो. क्लॅम्पने ती फक्त खालून तोलून धरलेली असेल तर ती कौलांना धडका देत उडते. म्हणून प्रत्येक क्लॅम्पला वरून धरणारी पट्टी किंवा तार असावी. छपरावर वाकलेल्या फांद्या आणि सुकलेल्या झावळ्या वळवाच्या आधीच उतरवून घ्याव्यात.

विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रात गारांचा विचार करावा लागतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तिथल्या लोकांना अजून आठवते. गारा पडून गेल्यावर पत्र्याच्या पन्हळीत पोचे पडतात आणि त्यांत पाणी साचतं. जुनी पीव्हीसी पन्हळ तर तडकतेच. पिकांच्या काळजीत या तडे गेलेल्या पन्हळीकडे कुणाचं लक्ष जात नाही आणि ती थेट जूनमध्ये समोर येते.

८. पन्हळीचं वर्ष

आता सगळं एका वेळापत्रकात बसवू.

पहिली फेरी, मेचा पहिला पंधरवडा. शाकारणी म्हणजे कौलांची डागडुजी. ती आधी उरकावी आणि पन्हळ शेवटी साफ करावी. उलट क्रमाने केलं तर शाकारणीची कोंडी स्वच्छ पन्हळीत पडते. कोरडा कचरा हाताने किंवा छोट्या खुरप्याने तोंडापासून दूर ओढून बादलीत भरावा. पाण्याने ढकलत पाइपाकडे नेऊ नये. सांधे, क्लॅम्प आणि उतार तपासावेत.

दुसरी फेरी, पहिल्या दोन-तीन सरींनंतर. कौलांवरची वर्षभराची धूळ तेव्हा एकदम उतरते. तोंडातली जाळी काढून धुवावी. पावसाचं पाणी टाकीत किंवा विहिरीत सोडत असाल तर प्रत्येक मोठ्या सरीचं पहिलं पाणी बाहेर जाऊ द्यावं. एक मिलिमीटर पाऊस वाया घालवायचा म्हटलं, तर ८० चौरस मीटर छपराचं ८० लिटर पाणी सोडलं की पुरे.

तिसरी फेरी, श्रावणातल्या उघडीपीत. शेवाळ आणि आषाढातल्या वाऱ्याने पडलेली पानं एवढंच बघायचं असतं. अर्ध्या तासाचं काम.

चौथी फेरी, दिवाळीच्या सफाईबरोबर. सगळे ही फेरी विसरतात, आणि हीच सगळ्यांत मोलाची आहे. ओला गाळ आठ महिने पन्हळीत तसाच राहिला तर तळ गंजतो आणि पिंपळ रुजतो. दिवाळीत स्वच्छ आणि कोरडी केलेली पन्हळ उन्हाळा सोसते.

वर चढताना अंगाची काळजी आधी. शिडी जितकी उंच टेकवाल, त्याच्या चौथ्या भागाइतका तिचा पाय भिंतीपासून लांब ठेवावा. शिडीचा पाय धरायला खाली एक माणूस हवाच. शेवाळलेल्या कौलावर आणि सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर पाय देऊ नये. ते पत्रे न कुरकुरता एकदम फुटतात. पातेऱ्यात विंचू आणि साप दडलेले असतात, म्हणून हातात जाड मोजे घालावेत आणि आधी काठीने ढवळावं. विजेची तार जवळून जात असेल तर लोखंडी शिडी वापरूच नये.

९. एक बादली पाणी

शेवटी एक परीक्षा. ती दर मेमध्ये करावी, आणि घरातल्या मुलांनाही दाखवावी. पन्हळ साफ झाल्यावर तोंडापासून लांबच्या टोकाला हळूच एक बादली पाणी ओतावं आणि खाली उभं राहून बघावं. पाणी मध्ये कुठे थांबलं, तर तिथे पोट आलं आहे. सांध्याखालची जमीन ठिपक्याठिपक्यांनी भिजली, तर तो सांधा उन्हाने उघडला आहे. भिंतीवर ओला ओघळ दिसला, तर घराकडचा काठ खाली गेला आहे. सगळं पाणी न अडखळता पाइपातून खळखळत बाहेर आलं, तर पन्हळ पावसाला तयार आहे.

"गेल्या वर्षी तर चांगली होती" या प्रश्नाचं उत्तर ही बादली महिनाभर आधीच देते. तेव्हा भिंत कोरडी असते, शिडी टेकवायला जमीन घट्ट असते, पत्रेवाल्याला वेळ असतो, आणि दुरुस्तीला निदान चार आठवडे हाताशी असतात.